डिझेल खरंच वाचवून देणारं वर्कशॉप, निगडी ट्रान्सपोर्टनगर (५ पैकी ४ स्टार)

थोडं लांब लिहितेय, पण ज्यांच्या दारात ट्रक उभे असतात त्यांनी पूर्ण वाचा, कारण 'छान सर्व्हिस, नक्की भेट द्या' असं दोन ओळींत संपवण्यासारखं हे नाहीये. आमचा छोटा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, ऑफिस मोशीला, गाड्यांचं मिस्टर आणि दीर बघतात आणि बिल्ट्या, हप्ते आणि डिझेलचं रजिस्टर माझ्याकडे. मुख्य काम म्हणजे कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमधून कास्टिंग भरायचं आणि चाकणला खाली करायचं. कास्टिंग म्हणजे गाडी बघायला अर्धी रिकामी दिसते आणि काट्यावर घातली की फुल्ल. त्यामुळे आमच्याकडे अ‍ॅव्हरेजचा विषय निघाला की घरात जेवणं लांबतात.

आमची एक दहा चाकी बीएस-४ (धुराच्या जुन्या सरकारी नियमाची) गाडी लिटरला साडेतीन किलोमीटरच्या वर जायलाच तयार नव्हती. तीच लाइन, तोच माल, दुसरी तशीच गाडी चारच्या पुढे देते आणि ही देत नाही. एका गॅरेजमध्ये दाखवली तर गाडी सुरू करून न बघताच त्यांनी नोझल (इंजिनात डिझेल फवारतात ते) आणि पंप दोन्ही उतरवायला सांगितलं आणि आकडा असा सांगितला की दीर गप्प घरी आले. कोणीतरी डिझेलच्या पाइपला बांधायचं मॅग्नेट सुचवलं, कोणी टाकीत टाकायची बाटली. मग चाकणच्या काट्यावर ओळख झालेल्या एका मालकाने ह्या वर्कशॉपचा नंबर दिला, अलाइनमेंटसाठी (चाकं सरळ करून घ्यायला) जा म्हणाला पण गाडीचं डिझेलही बघून देतात.

पहिलीच गोष्ट मला आवडली ती म्हणजे गाडी नेली तर त्यांनी केबिन पुढे पाडून इंजिन उघडलंच नाही, आधी रजिस्टर मागितलं. दादा (मालक, सगळे त्यांना दादाच म्हणतात) खुर्ची देऊन म्हणाले, "ताई, गाडीचं नंतर, आधी तुम्ही अ‍ॅव्हरेज काढता कसं ते सांगा." मी सांगितलं, ट्रिपचे किलोमीटर भागिले ट्रिपमध्ये भरलेलं डिझेल. त्यांनी विचारलं टाकी दोन्ही वेळा फुल्ल होती का, एकाच पंपावर भरली का, जाताना रिकामी होती का भरून, येताना वजन किती होतं. माझ्याकडे बिल होतं, काट्याची पावती होती, पण सगळं वेगवेगळ्या फायलीत. त्यांनी तिथेच एक साधा तक्ता आखून दिला, एका ओळीत तारीख, किलोमीटर, लिटर, वजन, ड्रायव्हर, आणि सांगितलं की टाकी तोंडापर्यंत भरली तरच ती ओळ हिशोबात धरायची, नाहीतर धरायची नाही. टाकीतला फ्लोट चढ-उतारावर काहीही दाखवतो, त्यावर भांडणं करू नका म्हणाले.

आणि दुसरं जे सांगितलं ते मी आता येईल त्या ट्रान्सपोर्टवाल्याला सांगत असते. आपण सगळे 'लिटरला किती किलोमीटर' ह्यात बोलतो, पण डिझेल किती वाचलं हे त्यात नीट कळत नाही. शंभर किलोमीटरला किती लिटर लागलं असं लिहा. तीनची गाडी साडेतीनला आली तर शंभर किलोमीटरमागे ३३.३ लिटरचे २८.६ होतात, म्हणजे पावणेपाच लिटर वाचले. पाचची गाडी साडेपाचला आली तर २० चे १८.२, म्हणजे दोन लिटरसुद्धा नाही. दोन्हीकडे 'अर्ध्या किलोमीटरने अ‍ॅव्हरेज वाढलं' असंच आपण म्हणतो. म्हणून पैसे आणि वेळ पहिला सगळ्यात वाईट गाडीवर घालायचा, चांगल्या गाडीला अजून चांगली करत बसायचं नाही. मी कॉमर्स केलेली बाई, इतकी वर्षं रजिस्टर लिहितेय, हे मला कोणी दाखवून दिलं नव्हतं.

मग गाडीकडे वळले. टायर. आता आमच्याकडे काय पद्धत होती, जी सगळीकडेच असते, क्लीनर टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन फिरतो, प्रत्येक टायरवर एक ठोकतो आणि आवाजावरून सांगतो हवा आहे का नाही. बाहेरच्या टायरचं त्यातून थोडंफार कळतं, पण मागच्या जोडीतला आतला टायर, त्याचा व्हॉल्व्ह दोन रिमच्या मधे असतो, हात जात नाही, गेज लागत नाही, म्हणून तो कोणी बघतच नाही. इथल्या पोराने जमिनीवर पोतं टाकलं, आडवा झाला आणि आतून हात घालून एकेक टायर गेजवर घेतला. बाहेरचे सगळे ११० ते ११५ पीएसआय आणि एक आतला ७८! मी स्वतः वाकून गेज बघितलं म्हणून लिहितेय. शेजारचा टायर त्याचं वजन उचलत होता त्यामुळे गाडी बसलेली दिसत नव्हती, पण रस्त्यावर तो ७८ वाला दर फेऱ्याला चेपत होता, तापत होता आणि इंजिनचा जोर तिथे जात होता. साधारण १० पीएसआय हवा सगळ्या टायरांत कमी असली तर डिझेल एक टक्क्याच्या आसपास जास्त जातं असा हिशोब दादांनी सांगितला. एक टक्का ऐकायला काहीच वाटत नाही, पण टायरही लवकर जातो आणि उन्हाळ्यात फुटतो तो असाच टायर. त्यांनी आतल्या टायरांना लांब व्हॉल्व्ह लावून दिले, आता गेज बाहेरून लागतं. हवा सकाळी गाडी थंड असताना बघायची, चालून आलेल्या गरम टायरची हवा जास्त दिसते म्हणून ती सोडून द्यायची नाही, हे त्यांनी क्लीनरला दोनदा बोलून दाखवलं आणि त्याच्याकडून परत म्हणून घेतलं.

अलाइनमेंट बहुतेक ठिकाणी फक्त पुढच्या चाकांची करतात. ह्यांनी मागचे दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांना आणि चासीला सरळ आहेत का तेही बघितलं, आणि नव्हते. टॉर्क रॉडचे (अ‍ॅक्सलला जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे) बुश गेलेले होते त्यामुळे मागचा अ‍ॅक्सल थोडा तिरका बसला होता, मागची चाकं एकीकडे ढकलतायत आणि ड्रायव्हर स्टेअरिंग दुसरीकडे धरून गाडी सरळ ठेवतोय. आमचे ड्रायव्हर काका कधीपासून म्हणत होते गाडी डावीकडे ओढते, आम्ही पुढचे टायर आलटून-पालटून लावत राहिलो. बुश बदलले, अ‍ॅक्सल सेट केला, ओढणं थांबलं.

इंजिनचं काम फार निघालं नाही आणि इथे मला ह्या लोकांचं खरं मोठेपण वाटलं. टर्बोपासून (इंजिनसाठी हवा दाबणारा पंखा) इंटरकूलरला (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारा जो रबरी होज असतो त्याच्या क्लॅम्पजवळ बारीक चीर होती. इंजिनवर जोर टाकून साबणाचं पाणी मारलं आणि फेस फुरफुरायला लागला, तेव्हा मलाही दिसलं. दाबून भरलेली हवा तिथून निघून जाते, इंजिनला हवा कमी पडते, चढाला गाडी ओढत नाही, ड्रायव्हर अजून पेडल दाबतो, मागून काळा धूर. धूर म्हणजे न जळलेलं डिझेल आहे, आपण पैसे देऊन घेतलेलं, आणि मागच्या टू-व्हीलरवाल्याच्या तोंडावर सोडलेलं. होज बदलला, एअर फिल्टर बदलला, नोझल तपासले आणि चांगले आहेत म्हणून हात लावला नाही. पहिल्या गॅरेजने जे उतरवायला सांगितलं होतं ते इथे सांगायची काही गरज नव्हती, तरी त्यांनी टेस्टचा कागद दाखवला. मॅग्नेटचं विचारलं तर म्हणाले ते पैसे टायरच्या हवेला घाला.

केबिनवरच्या डिफ्लेक्टरचं (समोरची हवा वर वळवणारा पत्रा) पण विचारलं होतं, दीरांना फार हौस. त्यालाही नाहीच म्हणाले, म्हणजे आमच्या गाडीपुरतं. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, ८० ला जो आहे तो ४० ला चौथा हिस्सा राहतो. उंच बंद कंटेनर घेऊन हायवेला एकसारखं ७०-८० ने जाणाऱ्याला डिफ्लेक्टरने फरक पडतो. आमची उघडी बॉडी, खाली बसलेलं कास्टिंग, घाट आणि ट्रॅफिक, आमचं डिझेल जास्त टायर आणि चढ खातात. फक्त रिकामी जाताना ताडपत्री फडफडत ठेवू नका, गुंडाळून बांधा. विकायला त्यांच्याकडे डिफ्लेक्टर होते, तरी विकला नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

ह्यांच्या पॅकेजमध्ये ड्रायव्हरबरोबर एक फेरी असते. त्यांचा माणूस लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन केबिनमध्ये बसतो. मी हट्टाने बरोबर गेले, काका आधी अवघडले, "वहिनी तुम्ही कशाला एवढ्या उन्हाचं," पण मला बघायचंच होतं. साताऱ्याकडून भरून येताना खंबाटकीचा बोगदा, मग शिरवळ, खेड शिवापूर, आणि मग कात्रजचा नवा बोगदा. बोगद्यातून बाहेर आलं की नऱ्हे-नवले पुलापर्यंत लांबलचक उतार. पुण्यातल्या प्रत्येकाला हा उतार माहितीये, आणि का माहितीये तेही माहितीये. २० नोव्हेंबर २०२२ ला रात्री तिथे एका ट्रकने ओळीने गाड्या उडवल्या, ४८ गाड्यांचं नुकसान झालं, आणि ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती असं तेव्हा तपासात पुढे आलं. त्याच्या आधी आणि नंतरही तिथे अपघात होत राहिलेत. माझी नणंद नऱ्ह्याला राहते, तिची मुलं त्या सर्व्हिस रोडने क्लासला जातात, त्यामुळे आमच्या गाड्या तिथून जातात ह्या गोष्टीचं मला कायम दडपण असतं.

का सोडतात गाडी न्यूट्रल? डिझेल वाचवायला. एवढंच कारण आहे. पिढ्यानपिढ्या उस्ताद क्लीनरला शिकवत आलाय की उतार आला की गाडी न्यूट्रल कर, फुकट पळते. आणि मालक ट्रिपचं डिझेल ठरवून देतो, त्याच्यात बसवायचं असतं, उरलं तर ड्रायव्हरचं, कमी पडलं तर पगारातून. मग तो उतारावर वाचवणारच ना.

तर त्या उतारावर आमची गाडी गियरमध्ये होती, काकांचा पाय पेडलवरून काढलेला, एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनकडूनच गाडी रोखणारा) लावलेला. स्कॅनरवाल्या पोराने लॅपटॉप काकांना दिसेल असा माझ्या मांडीवर धरायला दिला. इंजेक्शनचा, म्हणजे इंजिनात किती डिझेल जातंय त्याचा आकडा शून्य. खाली उतरेपर्यंत शून्य. इंजिन फिरतंय, आवाज येतोय, टॅकोमीटरचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा वर आहे आणि डिझेल थेंबभरही जात नाहीये, कारण चाकंच इंजिनला फिरवतायत आणि कॉम्प्युटरने नोझल बंद करून टाकलेत. मग खाली आल्यावर वारज्याच्या पुढे मोकळी जागा बघून गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक लावला, न्यूट्रल केली आणि नुसती आयडलला ठेवली. तर आकडा वर आला, तासाला दोन लिटरच्या आसपास. काका लॅपटॉपकडे बघतच राहिले. मग एकदम म्हणाले, "म्हणजे न्यूट्रलला जास्त पितीये?" हो! न्यूट्रलमध्ये चाकं आणि इंजिनचा संबंध तुटतो, मग इंजिन बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटरला डिझेल द्यावंच लागतं. गियरमध्ये सोडली तर काहीच द्यावं लागत नाही. पोराने सांगितलं जुन्या पंपवाल्या इंजिनलाही गव्हर्नर असंच डिझेल तोडतो, फक्त तिथे लॅपटॉप लावून दाखवता येत नाही.

आणि न्यूट्रल करून पूर्ण इंजिनच बंद केलं तर? तर त्याहून वाईट. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, इंजिन बंद म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा, प्रत्येक ब्रेकला ती कमी होत जाते. पॉवर स्टेअरिंग जड होतं. इंजिनची अडवण्याची ताकद गेली, एक्झॉस्ट ब्रेक गेला, सगळं वजन ब्रेकच्या लायनरवर, लायनर तापले की मग पाय जमिनीला टेकवला तरी गाडी थांबत नाही. नंतर पेपरात येतं 'ब्रेक फेल'. आमची दहा चाकी पासिंगला २८.५ टनाची आहे, एवढं वजन त्या उतारावर फक्त लायनरच्या भरवशावर सोडायचं आणि तेही जे डिझेल वाचतच नाही त्याच्यासाठी. मला त्या दिवशी खूप राग आला, कोणा एकावर नाही, पण इतकी साधी गोष्ट आहे आणि ती केबिनपर्यंत पोचत नाही ह्याचा. वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आहे, भोसरीत १९६७ साली स्थापन झालेली सीआयआरटी आहे, दोन्ही गाड्या तपासणाऱ्या संस्था, देशातल्या गाड्या पुण्यात तपासल्या जातात, आणि त्याच पुण्याच्या वेशीवर लोक ह्या एका गैरसमजाने मरतात. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक मालकाने आपल्या ड्रायव्हरला एकदा तो शून्य डोळ्यांनी दाखवावा. बोर्ड लावून, दंड करून जे होत नाही ते त्या आकड्याने झालं. काका आता दुसऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना धाब्यावर सांगतात, आणि त्यांचं ऐकतात लोक, माझं ऐकलं नसतं.

बाकी चालवण्यातल्या गोष्टी पण सांगितल्या, टॅकोमीटरच्या हिरव्या पट्ट्यात राहा, वरचा गियर लवकर टाका, पुढे सिग्नल लाल दिसतोय तर लांबूनच पेडल सोडा, खंबाटकी चढताना पायथ्याशीच योग्य गियर घ्या, अर्ध्या घाटात गियर शोधत बसू नका. हे काकांना येतच होतं, म्हणाले पण तसं.

उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवण्यावर मात्र थोडी वादावादी झाली. चाकणला कंपनीच्या गेटबाहेर गाड्या तासन् तास लायनीत असतात आणि मे महिन्यात त्या केबिनमध्ये बसून दाखवा एकदा. घामाने निथळणाऱ्या माणसाला इंजिन बंद कर म्हणायला मला तोंड नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा केलाय ते योग्यच केलंय, पण गेटबाहेर सावली, पंखा आणि पाणी असलेली एक खोली कंपन्यांनी बांधली तर कितीतरी इंजिनं बंद राहतील. वर्कशॉपने आम्हाला बॅटरीवर चालणारे दोन पंखे बसवून दिले आणि कट-ऑफ लावला म्हणजे बॅटरी उतरून गाडी स्टार्टच होणार नाही असं व्हायला नको. छोटंसं काम, पण काका सगळ्यात खूश त्याच्यावर आहेत.

आता आमच्या बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक नियमाच्या) गाडीबद्दल, कारण ती पण नंतर इथेच नेली. सगळ्यांना माहितीये, काही जण 'युरिया बंद करून देतो' म्हणून फिरतात, एक डबी लावायची, कॉम्प्युटरला वाटतं युरिया जातोय आणि जात काहीच नाही. डीईएफचा (धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याचा) खर्च वाचतो म्हणून लोक करतात. आमच्याकडेही कोणीतरी दीरांच्या कानात घातलं होतं. दीरांनी इथे सहज विचारलं आणि दादांनी सरळ हात जोडले. म्हणाले हे काम मी करत नाही आणि दुसरीकडे केलेली गाडी पण मी घेत नाही, आधी काढून या. मग समजावून सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत लिहिते. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. धुरातला नायट्रोजन ऑक्साइड सायलेन्सरमध्ये त्याच्यामुळे साध्या नायट्रोजन आणि पाण्याच्या वाफेत बदलतो. मोठ्या इंजिनांना बीएस-४ मध्ये ह्या वायूची मर्यादा ३.५ ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ०.४ केली, दर किलोवॅट-तासाला. युरिया बंद केला की तुमची नवी, महागाची गाडी जुनीपेक्षाही वाईट धूर सोडू शकते आणि तो दिसत पण नाही. शिवाय युरिया असतो म्हणूनच कंपनीला इंजिन डिझेल कमी पिईल असं सेट करता येतं. बेकायदा तर आहेच, वॉरंटी पण गेली. खर्च किती, तर साधारण डिझेलच्या पाच टक्क्यांच्या आसपास डीईएफ लागतं आणि ते डिझेलपेक्षा बरंच स्वस्त आहे. त्याच्यासाठी आपल्याच पोरांच्या छातीत हे घालायचं? आमच्या घरात तो विषय त्या दिवशी संपला. आमचं धाकटं पोर दम्याचा पंप घेतं, मी जास्त लिहीत नाही.

त्या गाडीची तक्रार खरं तर वेगळी होती, डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) दिवा लागायचा आणि गाडी जोर सोडायची. ती चाकण-रांजणगाव अशा जवळच्या फेऱ्यांवर होती, अर्धा वेळ आयडल, सायलेन्सर कधी पुरता तापतच नव्हता, मग काजळी जळत नाही आणि फिल्टर तुंबतो. त्यांनी उभ्या-उभ्या रीजन (फिल्टर तापवून काजळी जाळणं) करून दिलं आणि सांगितलं गाडी आठवड्यातून एकदा तरी लांब लाइनला पाठवा, रीजन चालू असेल तर मधे बंद करू नका. आम्ही तिला कोल्हापूर लाइनला टाकली, दिवा परत लागला नाही.

फरक किती पडला हे विचाराल. ती साडेतीनला अडकलेली गाडी आता भरलेल्या ट्रिपचं धरून चारला येते, नव्या तक्त्याप्रमाणे, फुल्ल टाकी ते फुल्ल टाकी. महिन्याला ८,००० किलोमीटर धरले तर २,२८६ लिटरच्या जागी २,०००. म्हणजे २८६ लिटर, डिझेल नव्वद रुपये लिटर धरलं तर पंचवीस हजारांच्या पुढे, एका गाडीचे, एका महिन्याचे. आणि एक लिटर डिझेल जळलं की जवळपास २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हिशोब दादांनी तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात मुद्दाम ठेवलाय, त्याप्रमाणे पाऊण टन महिन्याला कमी. मिस्टर पैशाचा रकाना बघतात, मी दोन्ही बघते. ह्यातलं किती टायरमुळे, किती होजमुळे आणि किती काकांच्या पायामुळे हे वेगळं काढता येत नाही, सगळं एकदमच केलं. पण माझ्या मते काकांच्या पायाचा वाटा मोठा आहे, कारण ते सुट्टीवर गेले आणि दुसरा ड्रायव्हर बसला तेव्हा तीच गाडी खाली आली.

म्हणून त्यांचा शेवटचा सल्ला आम्ही लगेच मानला. ठरवून दिलेल्या डिझेलची पद्धत बंद केली. लागेल तेवढं डिझेल आम्ही भरणार, आणि त्या लाइनच्या ठरलेल्या आकड्यापेक्षा जे वाचेल त्याचे निम्मे पैसे ड्रायव्हरला, पगारासोबत, रजिस्टर समोर ठेवून. कमी पडलं तर पगार कापायचा नाही, आधी गाडी बघायची. सासऱ्यांना पटत नव्हतं, म्हणाले ड्रायव्हरला आपण पगार देतोच. पण माणूस भर रात्री खंबाटकी चढवतो आणि त्याच्या पायाने आपले पैसे वाचतात, तर त्यातले त्याला मिळाले पाहिजेत, हे मला मनापासून वाटतं. आता काका स्वतः विचारतात, "वहिनी, ह्या खेपेचं काय आलं?"

एक स्टार का कापला तेही लिहिते, कारण ह्या तक्रारी खऱ्या आहेत. एक तर गर्दी, सकाळची वेळ दिली आणि गाडी दुपारनंतर आत गेली, भाड्याची गाडी दिवसभर उभी राहणं आम्हाला परवडत नाही. फोन उचलत नाहीत, आणि उचलला तर पिट कधी रिकामा होईल ते नीट सांगत नाहीत. दुसरं, रिपोर्ट इंग्लिशमध्ये देतात, सगळे शॉर्टफॉर्म, ड्रायव्हरला काय कळणार? तो मराठी आणि हिंदीत दिलाच पाहिजे, मी त्यांना तसं बोलले, हो म्हणाले, अजून झालेलं नाही. तिसरं, ड्रायव्हर लोकांना बसायला धड जागा नाही. टायरच्या ढिगावर बसतात बिचारे. जे लोक ड्रायव्हरला इतकं महत्त्व देतात त्यांनी एक बाकडं आणि प्यायच्या पाण्याची सोय करायला हवी होती. पैशाबद्दल तक्रार नाही, रेट नेहमीच्या अलाइनमेंटवाल्यापेक्षा जास्त आहे पण काय केलं ते एकेक ओळ बिलात लिहून देतात आणि काढलेले पार्ट गाडीत परत ठेवतात.

जाणार असाल तर काही गोष्टी. गाडी रिकामी न्या, भरलेल्या गाडीचे अ‍ॅक्सल ते मोजत नाहीत. जमलं तर मागच्या काही ट्रिपची बिलं आणि काट्याच्या पावत्या घेऊन जा, नाहीतर परत बोलावतील. फेरीवाली सर्व्हिस पाहिजे असेल तर नेहमीचाच ड्रायव्हर पाठवा, बदली नको, आणि शक्यतो घरातलं कोणीतरी केबिनमध्ये बसा. चाळीस फुटी ट्रेलर असेल तर आधी विचारा कारण वळायला जागा कमी आहे, भक्ती-शक्ती चौकाच्या बाजूने आलात तर आत घ्यायला सोपं जातं. रविवारी बंद असतं, सोमवारी सगळ्यात जास्त गर्दी, आम्ही आता पुढची गाडी बुधवारी लावलीये.